ठिपका हिरवा आहे तोवर

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९

पोचलो. शहर पाहून निराशा झाली नाही, कारण अपेक्षाच नव्हती. स्टेशनपासून घरापर्यंत शेड, गोदाम, ट्रक, पुन्हा शेड. हवेत तापल्या लोखंडाचा वास. बायको आणि लेक इथे वर्षभर राहिल्या म्हणजे कमाल आहे.

उद्देश लिहून ठेवतो, म्हणजे नंतर फाटे फुटायला नकोत. बायको गेल्या वर्षी इथल्या फोर्जिंगच्या कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनिअर म्हणून आली, वर्षभराच्या करारावर. मुंगीलाही घेऊन आली. (मुंगी म्हणजे आमची लेक. वय आठ, वजन नगण्य, सतत कुठेतरी निघालेली.) मी तिकडेच थांबलो, कारण माझी नोकरी महत्त्वाची आहे. गेल्या महिन्यात बायको फोनवर म्हणाली की आम्हाला तुझ्याशिवाय राहायची सवय व्हायला लागलीय, आणि मला या सवयीची भीती वाटते. तर महिनाभर ये, इथून काम कर, एकत्र राहून बघू, मग काय ते ठरवू. तिचा करारही या महिन्याअखेर संपतोय. कायम करायचं की नाही, ते तेव्हाच ठरणार.

‘काय ते ठरवू’चा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. तिला परत यायचंय, पण आपणहून कसं म्हणणार? मार्चमध्ये दोघींना घेऊन घरी. कामाला लागतो.

सकाळी ११

टेबल हलतंय. आधी वाटलं मला चक्कर येतेय. मग कपही बशीत नाचायला लागला. वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, अहो, तो हॅमर. लाल लोखंडावर पडतो ना, तो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मध्ये दीड ते दोन जेवणाची सुट्टी. सवय होईल, कपाखाली फडकं ठेवा.

मला सवय करून घ्यायची नाहीये. मी इथे सवयी मोडायला आलोय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांचा फोन. (साहेब म्हणजे आमच्या प्रोसेस इम्प्रूव्हमेंट विभागाचे प्रमुख. सुधारणा सोडून सगळं करतात.) घरून कामाची परवानगी त्यांनी नाक मुरडत दिलीय, आणि एका अटीवर. ऑफिसच्या चॅटवर माझ्या नावापुढचा ठिपका दहा ते सहा हिरवा पाहिजे. दहा मिनिटं माऊस हलला नाही की ठिपका पिवळा होतो, आणि पिवळा झाला की ते फोन करणार. मी म्हणालो, साहेब, काळजीच सोडा.

मागे धडधड कसली, म्हणाले. मी म्हणालो, उत्साह.

हसले नाहीत.

उद्यापासूनचा दिनक्रम: साडेपाचला उठणे. फिरणे. मुंगीला शाळेत सोडणे. दुपारी तिच्याबरोबर जेवणे. संध्याकाळी बायकोशी मनमोकळ्या गप्पा.

५ फेब्रुवारी, बुधवार

उठायला साडेआठ झाले. प्रवासाचा शीण. मुंगी तोवर शाळेत, बायको कारखान्यात. दोघींनी माझ्यासाठी डबा झाकून ठेवला होता. त्यावर मी आंघोळीला वापरतो तो ‘पाहुण्यांचा’ टॉवेल घडी करून ठेवलेला. तसं नाव त्याला मुंगीनं दिलंय. मुलं काहीही बोलतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शोध लागला!

दुपारी एक स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर माऊस ठेवला होता, कारण टेबलावर पाणी सांडलं होतं. पाठ टेकली, डोळा लागला. जाग आली ती चारला. घाबरून स्क्रीन बघितला. ठिपका हिरवा! हॅमरच्या प्रत्येक ठोक्याला ताट थरथरतं आणि माऊस केसभर सरकतो. मी झोपलो होतो, पण कागदोपत्री मी घाम गाळत होतो.

याला म्हणतात प्रोसेस इम्प्रूव्हमेंट.

८ फेब्रुवारी, शनिवार

बायकोशी मनमोकळ्या गप्पा ठरल्या होत्या. ती तिच्या कामाबद्दलच बोलत बसली. हॅमरच्या पायाखाली स्प्रिंगा बसवायच्या, म्हणजे हादरे जमिनीत उतरणार नाहीत, असा तिचा प्रकल्प आहे. तो यशस्वी झाला तर ती कायम. फसला तर करार संपला, नारळ. बोलताना तिचे डोळे चमकत होते. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, फसला तरी मी आहे.

तिनं हात काढून घेतला. भावनांचा पूर असह्य झाला असणार.

१० फेब्रुवारी, सोमवार

काल कॉलनीची मीटिंग होती. हादऱ्यांबद्दल तक्रारी. कारखान्यातर्फे आमचीच बायको उत्तरं द्यायला बसली होती. लोक मुळमुळीत बोलत होते, मला राहवेना. उभा राहिलो आणि चांगला पाव तास झोडपलं. हे शहर राहण्याजोगं नाही, इथे मुलं वाढवणं पाप आहे, या कंपनीला तारीख द्या आणि तारखेला धरा. टाळ्या. काकूंनी तर शिट्टी वाजवली.

घरी येताना बायको दोन पावलं पुढे चालत होती. मी म्हणालो, बघ, हे शहर तुझ्या लायकीचं नाही हेच मला सांगायचं होतं. ती म्हणाली की प्रकल्पासाठी करार वाढवून मला अजून दोन महिने मिळणार होते, तुझ्या भाषणानंतर मॅनेजरनं चोवीस तारीख दिलीय.

चोवीसला जमणं शक्यच नाही. मी मनात म्हणालो, वा. मग मनातच थोडी लाज वाटली. मग झोपलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी सगळ्या विभागाला मेल टाकला. माझा ठिपका गेल्या आठवड्यात सर्वांत जास्त हिरवा! जेवणाच्या वेळीसुद्धा पिवळा होत नाही, याला निष्ठा म्हणतात, इतरांनी आदर्श घ्यावा.

जेवणाच्या वेळेचं मलाही आश्चर्य वाटलं. दीड ते दोन हॅमर बंद असतो, तरी ठिपका हिरवाच. विचार केला. निष्कर्ष: सकाळभराचे हादरे जमिनीत साठून राहतात आणि दुपारी हळूहळू बाहेर पडतात. रात्री बायकोला सहज विचारलं, हॅमर थांबल्यावर हादरे किती वेळ टिकतात? ती म्हणाली, टिकत नाहीत, त्याच सेकंदाला संपतात.

इंजिनिअर झाली म्हणून सगळं येतं असं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मुंगीचा नवा उद्योग. शाळेतून एकला आली की काकूंकडे न जाता घरीच थांबते. काकू म्हणाल्या, हल्ली आमच्याकडे फिरकतसुद्धा नाही, सारखं बाबा आलाय, बाबा आलाय. ऊर भरून आला. तिच्याशी खेळायचं ठरवलं होतं, पण जेवण झाल्यावर डोळे उघडेनात. जाग आली तेव्हा ती माझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून वहीत चित्रं काढत होती. तोंडावर बोट ठेवून मला म्हणाली, झोप तू. शहाणी आहे.

रविवारी नक्की खेळायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बायको म्हणाली की त्यांच्या डिस्पॅचला प्लॅनिंगसाठी माणूस हवाय. तुझ्या कामासारखंच काम. सोमवारी भेट, मी फक्त ओळख करून देते, पुढचं तू बघ. नजर माझ्यावरच रोखलेली. म्हणाली, म्हणजे महिना संपला तरी तुला जावं लागणार नाही.

मला गलबलून आलं, खरंच. पण लगेच सावरलो. हो म्हटलं असतं तर आपण मार्चमध्ये घरी जाणार कसे? शिवाय पहिल्या हाकेला धावलं की किंमत राहत नाही. म्हणालो, बघतो. ती म्हणाली, बघू नको, भेट. म्हणालो, भेटायचं बघतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

हॅमर बंद. मुंगीशी खेळायचं होतं. ती सकाळीच मैत्रिणींबरोबर मैदानावर गेली. लांब उडीची प्रॅक्टिस करते म्हणे. मी गॅलरीतून हात केला. तिनं केला असावा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डिस्पॅचला गेलो नाही. सकाळी डोकं जड होतं. उद्या जाईन, अर्ध्या दिवसानं काय आभाळ कोसळतंय?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डिस्पॅचला काल दुपारीच दुसरा माणूस घेतला. बायकोनं सांगितलं, ते भांडी लावता लावता, माझ्याकडे पाठ करून. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, निदान समजूत काढता आली असती. पूर्वी रागावायची तेव्हा कशी लालबुंद व्हायची. आता नुसती भांडी लावते.

असो. एका अर्थी सुटलो.

मुंगी म्हणाली, उद्या चार वाजता लांब उडीची फायनल आहे, तू यायचंस. शाळेतूनच तिकडे जाणार आहे, घरी येणार नाही. मी म्हणालो, जीव गेला तरी येईन. तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६.३०

काय झालं ते नीट लिहितो, म्हणजे मला तरी पटेल.

साडेतीनचा अलार्म लावला होता. पण दीड ते दोनमध्ये ठिपका पिवळा झाला आणि साहेबांचा फोन आला. आज काय झालं, म्हणाले, तुम्ही तर जेवतसुद्धा नाही. मी म्हणालो, आज जेवलो. फोन सायलेंटवर टाकला, पुन्हा व्यत्यय नको म्हणून. अलार्मही सायलेंट झाला असणार. उठलो तेव्हा सहा वाजत होते. माऊस आपला चाललाय टुकूटुकू.

जमिनीतले हादरे आजच का संपावेत? माझं नशीबच फुटकं.

मुंगी आली. दुसरी आली. मेडल दाखवलं. मी म्हणालो, अचानक मीटिंग लागली गं बेटा. ती ‘बरं’ म्हणाली. टेबलावरच्या उशीकडे बघितलं आणि मेडल कपाटात ठेवलं. बायको म्हणाली की असू दे, बाबाला खरंच खूप काम आहे, बघतेस ना, दिवसभर त्या टेबलाला चिकटलेला असतो.

हे वाक्य मला लागलं. तिनं मनापासून म्हटलं म्हणून जास्त लागलं. उद्यापासून दुपारची झोप बंद. कानाला खडा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

झोप बंद करण्याची सुरुवात सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सवय बदलणं शरीराला घातक असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बायको दोन दिवस घरी फक्त आंघोळीला आणि तासभर पडायला येते. स्प्रिंगा आल्या, एक तिरकी बसली, पुन्हा काढली. हात सोललेत. काकू मुंगीचा डबा करून देतात. मी मदत करू का, बायकोला विचारलं. ती म्हणाली, तू तुझं काम कर, त्यातला वेळ नको घालवू.

आज एक विचित्र गोष्ट झाली. ती झोपलेली असताना तिच्या हाताला मलम लावलं, आणि मनात आलं, बसू दे गं बाई तुझ्या स्प्रिंगा. मग लक्षात आलं की बसल्या तर ती इथेच राहणार, आणि माझा ठिपका पिवळा होणार. दोन्ही बाजूंनी मीच बुडणार. आणि तरी बसू दे असंच वाटत होतं. थकवा आला की माणूस भावुक होतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १

बसल्या.

सकाळी आठला हॅमर सुरू झाला. लांबून दबका आवाज येत होता, पण टेबल ढिम्म. हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मी ‘आज शेवटचं’ म्हणून आडवा झालो होतो. फोनवर साहेबांचे नऊ मिस्ड कॉल. ठिपका साडेदहापासून पिवळा. परत फोन केला. म्हणालो, साहेब, हादरे बंद झाले. ते म्हणाले, कसले? मी म्हणालो, नेटवर्कचे. ते म्हणाले की गुरुवारी सकाळी दहाला स्वतः ऑफिसात हजर व्हा, परवानगी रद्द. तिथे मी तुमचा ठिपका डोळ्यांनी बघेन.

ठीक आहे. अजून सगळं हातातून गेलेलं नाही. रात्री बायकोशी सविस्तर बोलतो. बहुधा पेढे घेऊन येईल, मूड चांगला असेल.

त्याच दिवशी, रात्री जेवणानंतर

अर्धी कॉलनी घरी आली होती. काकूंनी टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला आणि सगळे त्याच्याभोवती उभे राहिले. पाणी हलेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॅमर आज सहानंतरही मुद्दाम चालू ठेवला होता. बायकोला कायम केल्याचं मॅनेजरनं तिथेच सांगितलं. ती हसली. लग्नात हसली होती तशी. मी ते हसू विसरून गेलो होतो.

काकू म्हणाल्या, जावईबापूंच्या भाषणानं काम झालं हो. मी मान लववली.

तेवढ्यात मुंगी ग्लासाकडे बघत मोठ्यानं म्हणाली, मग आता बाबाचा माऊस कोण हलवणार?

सगळे हसले. बायको हसली नाही. तिनं विचारलं, म्हणजे गं? आणि मुंगीनं सगळं सांगितलं, अगदी शाबासकी मिळणार असल्यासारखं. की बाबा झोपला की हॅमर माऊस हलवतो. दीड ते दोन हॅमर जेवायला जातो, तेव्हा मी हलवते, एका बोटानं, हळूच. नाही हलवला तर पिवळा होतो, मग फोन वाजतो, मग बाबाची झोप मोडते. रोज हलवायचे. फक्त लांब उडीच्या दिवशी नाही जमलं, मी शाळेत होते ना.

लोक हळूहळू निघून गेले. काकू जाताना दार ओढून गेल्या.

मी म्हणालो की हे तांत्रिक आहे, मी समजावून सांगतो. बायको म्हणाली, नको. ती खुर्चीवर बसली, त्या सोललेल्या हातांनी ग्लास उचलला आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग हळू आवाजात म्हणाली की मला वाटायचं तुला वेळ नाही. मी महिनाभर मुंगीला तेच सांगत आले. तुझ्याकडे सगळी दुपार होती. आणि ती पोरगी रोज अर्धा तास तुझ्याजवळ स्टुलावर बसायची, न बोलता, कारण तेवढ्यापुरता तू तिच्या वाट्याला यायचास.

मला रडू आलं. पाठ वळवली आणि नाक शिंकरलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रभर विचार करून मोठा निर्णय घेतला. सकाळी बायको बूट घालत होती तेव्हा सांगितला. नोकरी सोडतो. साहेब गेले खड्ड्यात. इथेच राहतो, मिळेल ते काम करतो, मुंगीला रोज शाळेत सोडतो. तुझ्यासाठी, तिच्यासाठी.

मला वाटलं ती गळ्यात पडेल.

तिनं एका बुटाची नाडी बांधली. दुसऱ्याची बांधली. बराच वेळ लावला. मग म्हणाली, नको. तू जा.

मी म्हणालो, महिना संपायला तीन दिवस आहेत, तुझं म्हणणं होतं महिन्याअखेर ठरवू. ती म्हणाली, हो, ठरलं. आणि गेली, कारण आठ वाजत आले होते.

तेव्हा मला कळलं की परीक्षा या शहराची नव्हती. लिहून काढतो आणि विसरतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार. स्टेशनवर

मुंगी आणि काकू सोडायला आल्या. बायकोला रजा मिळाली नाही. नवीन आहे, कायम झाली म्हणून लगेच रजा घेणं बरं दिसत नाही, मीच म्हणालो.

घरून निघताना टॉवेल घेऊन ये म्हणालो तर मुंगी म्हणाली, तो इथलाच आहे. राहू दे. पुढच्या वेळी लागेलच.

४ मार्च, मंगळवार. रात्री ८

घरी सगळं ठीक. ऑफिसही ठीक. साहेबांनी माझी खुर्ची स्वतःच्या केबिनसमोर लावून घेतलीय, हा विश्वासच म्हणायचा.

परिस्थितीचा शांतपणे आढावा घेतला. बायकोला एक वर्ष अजून तिथे राहू द्यायचं, असं मी ठरवलंय. अनुभव मिळेल. मे महिन्यात जाईन, तेव्हा मुंगीशी भरपूर खेळायचं. लांब उडीची माहिती आत्तापासून काढून ठेवायची. पहाटे उठायची सवय उद्यापासून, म्हणजे तिकडे जड जाणार नाही.

इथे रात्री फार शांत असतं. टेबल हलत नाही, कप वाजत नाही. कपाखाली मात्र मी फडकं ठेवतो, उगाच.

आत्ता मुंगीला फोन केला. अभ्यास झाला का, जेवलीस का, सगळं विचारून झालं. मग विषय संपले. तिनंच विचारलं, बाबा, तिकडे तुझा माऊस कोण हलवतं?

मी म्हणालो, इथे मीच हलवतो.

ती बरं म्हणाली, आणि फोन आईकडे दिला. आईचे हात कणकेत होते. नंतर करते म्हणाली.

दहा वाजले. फोन जवळच ठेवलाय. सायलेंटवर नाही, दोनदा बघितलं.